वेचण्याची वही

गोरेगाव पूर्वेला महामार्ग सोडून दिंडोशीकडे वळलं की जनरल अरुणकुमार वैद्य मार्ग हळूहळू टेकडी चढू लागतो. आसपास बेस्टचा डेपो, मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झगडून उभी केलेली नागरी निवारा परिषदेची वसाहत, मधेमधे उगवलेले टॉवर. मग इमारती एकाएकी संपतात. एका अंगाला दादासाहेब फाळके चित्रनगरी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची फिल्म सिटी. समोर, 33 एकर जंगलात, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं निसर्गशिक्षण केंद्र. दोहोंच्या मागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची झाडी. रस्त्याच्या एका बाजूला जे नाही ते खरं भासवायचं काम चालतं, दुसऱ्या बाजूला जे आहे ते नीट पाहायचं. दोन्ही कामांत एक साधन सारखंच आहे, ते म्हणजे हातानं लिहिलेली नोंद.

फिल्म सिटीत प्रसंग सहसा कथेच्या क्रमानं चित्रित होत नाहीत. नायिका दारातून बाहेर पडते तो शॉट आज, आणि ती पायऱ्यांवर येते तो चार दिवसांनी, कारण जिना दुसऱ्या फ्लोअरवर लावलेला असतो. मधल्या चार दिवसांत तिचा पदर कोणत्या खांद्यावर होता, चहाचा कप किती भरलेला होता, कपाळावरची पट्टी डावीकडे होती की उजवीकडे, हे कुणीतरी लक्षात ठेवावं लागतं. सहायक दिग्दर्शकाकडे कंटिन्युइटीचं काम येतं ते इथे. आता मोबाइलवर फोटो निघतात हे खरं. पण कप कोणत्या शब्दावर खाली ठेवला, हे फोटो सांगत नाही. ते संवादाच्या कागदावर, त्या शब्दाच्या शेजारीच लिहून ठेवावं लागतं.

रस्त्यापलीकडच्या जंगलात जाणारा पक्षिनिरीक्षकही असंच काहीतरी लिहीत असतो: तारीख, वेळ, जागा, हवा, पक्षी कोणता, किती, काय करत होते. तो पेन्सिल वापरतो, कारण पावसाचा थेंब पडला तरी शिसं फुटत नाही, शाई फुटते. त्या पानावर ‘मला फार छान वाटलं’ असं वाक्य सहसा नसतं.

हे मुद्दाम सांगतो आहे, कारण हातानं रोज लिहिण्याची जी नवी हौस आलेली दिसते तिचा रोख बहुतेक वेळा उलटा असतो. जाड कागदाच्या महागड्या वह्या, रंगीत पट्ट्या, ‘जर्नलिंग’ हा शब्द आणि मनातलं सगळं कागदावर ओतून टाका हा उपदेश. ओतण्याची वही वाईट असं माझं म्हणणं नाही. तिला आधारही आहे. 1986 मध्ये अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना सलग 4 दिवस, रोज 15 मिनिटं आयुष्यातल्या एखाद्या धक्कादायक अनुभवाबद्दल लिहायला लावलं. लिहून झाल्या झाल्या त्यांना अधिकच उदास वाटलं. मात्र पुढच्या काही महिन्यांत, घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या आरोग्य केंद्रातल्या खेपा कमी झाल्या. त्यानंतर या विषयावर पुष्कळ संशोधन झालं. परिणाम दिसतो, पण तो माफक असतो, आणि सगळ्यांना सारखा लागू पडत नाही.

कलावंतांमध्ये ही पद्धत लोकप्रिय केली ती ज्युलिया कॅमेरॉन यांच्या 1992 सालच्या ‘द आर्टिस्ट्स वे’ या पुस्तकानं. सकाळी उठल्याबरोबर हातानं 3 पानं लिहायची, जे सुचेल ते, आणि पहिले काही आठवडे ती पानं उलटून वाचायचीही नाहीत. डोरोथिया ब्रँड यांनी 1934 मध्येच होतकरू लेखकांना पहाटे उठून काही वाचण्या-बोलण्याआधी लिहायला बसवलं होतं. साचलेला चोथा बाहेर पडावा हा हेतू. ज्याला सात वाजताच्या शिफ्टला सेटवर पोचायचं आहे, त्यानं ही 3 पानं कधी लिहायची हा प्रश्न बाजूला ठेवू. माझी शंका वेगळी आहे. न वाचण्यासाठी लिहिलेल्या पानांनी हात मोकळा होतो, पण हाताला सामग्री मिळत नाही. कथा, नाटक, चित्र, संवाद यांना लागते ती सामग्री. ती बाहेरून वेचून आणावी लागते, तीही काय उपयोगाची ठरेल हे ठाऊक नसताना.

या वेचण्याच्या वहीचा मुंबईतला उत्तम नमुना एका दहा वर्षांच्या मुलाचा आहे. पुढे पक्षिशास्त्रज्ञ झालेल्या सालिम अलींचा जन्म 1896 चा, बालपण गिरगावाजवळच्या खेतवाडीत. हातात छऱ्यांची बंदूक आणि चिमण्या टिपायचा नाद. 1906-07 च्या सुमारास त्यांनी एक टिपण लिहिलं. तबेल्यातल्या भिंतीच्या भोकात चिमणीचं घरटं होतं, मादी आत अंड्यांवर, नर बाहेर खिळ्यावर पहाऱ्याला. त्यांनी गाडीआड दडून नराला मारलं. थोड्याच वेळात मादीनं दुसरा नर आणला आणि तोही त्याच खिळ्यावर बसला. मग तिसरा. 7 दिवसांत एकाच जागेवरून 8 नर मारले गेले, आणि प्रत्येक वेळी बदली जणू तयारच होती. आज अंगावर काटा येईल असा हा प्रकार. पण त्या टिपणात बढाई नाही, पश्चात्तापही नाही. फक्त काय झालं, किती वेळा आणि किती दिवसांत. पक्षिशास्त्र म्हणून काही असतं हेही त्या मुलाला तेव्हा धड माहीत नसावं. 1985 मध्ये आलेल्या त्यांच्या आत्मचरित्रात हे टिपण आहे. पाऊणशे वर्षांनंतरही ते कामाचं राहिलं, याचं श्रेय त्या आकड्यांना. नुसतं ‘मी पुष्कळ चिमण्या मारल्या’ असं लिहिलं असतं तर त्याला कोणी विचारलं नसतं.

त्यांची दुसरी नोंद अलिबागजवळच्या किहीमची. बर्लिनमध्ये एर्विन स्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकून 1930 मध्ये ते परतले आणि पाहतात तर मुंबईत नोकरी नाही. प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयातली त्यांची जागा पैशाअभावी रद्द झालेली. ते आणि त्यांच्या पत्नी तेहमिना किहीमच्या घरी राहायला गेले. जवळच्याच झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. झाडाला शिडी लावून, आडोसा करून, भर पावसाळ्यात ते तासन्‌तास घरट्यांकडे पाहत बसले आणि एकेका घरट्याचा हिशेब लिहीत गेले. नर घरटं अर्धवट विणतो. माद्या येऊन आतबाहेर तपासणी करतात. एखादीनं पसंत केलं की तो ते पुरं करतो. ती अंडी घालून बसली की हा शेजारी दुसरं विणायला घेतो, दुसरीसाठी. सुगरणीची घरटी कोकणात प्रत्येकानं पाहिलेली. पण हा क्रम एखाद्या दिवसाच्या पाहण्यातून दिसूच शकत नव्हता. अमुक घरटं अमुक तारखेला कोणत्या अवस्थेत होतं, हे लिहिलेलं असेल तरच दोन तारखांमधला संबंध लागतो. बेकारीतल्या पावसाळ्यानं त्यांना शास्त्रज्ञ म्हणून नाव मिळवून दिलं.

सालिम अलींची वही शास्त्रासाठी होती, साहित्यासाठी नव्हे, असं कोणी म्हणेल. मग मारुती चितमपल्ली घ्या. 1932 मध्ये सोलापुरात जन्मलेला हा माणूस वनखात्यात नोकरीला लागला आणि नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा रानांत वावरला. आयुष्यभर डायऱ्या लिहीत राहिला. त्यांत पक्षी-प्राणी होते तसे वाटाडे, पारधी, गोंड, माडिया, कोरकू यांच्या तोंडचे शब्द आणि समजुतीही होत्या. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’, ‘चकवाचांदण’ ही पुस्तकं त्या साठ्यावर उभी आहेत, आणि ‘पक्षीकोश’ही. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वीणवसाहतीला ‘सारंगागार’ हे शब्द मराठीत आले ते त्यांच्यामुळे. 2006 च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, 2025 मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांच्या गद्यात जी निवांत खात्री जाणवते, ती शैलीची करामत आहे असं मला वाटत नाही. वीस वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळी तळ्यावर काय दिसलं हे आठवावं लागू नये, उघडून पाहता यावं, अशा माणसाचं ते गद्य आहे. कथाकार व्यंकटेश माडगूळकर तर रानात जाताना लेखणीबरोबर चित्रकाराचा हातही घेऊन जात. ज्याला झाडाची फांदी काढायची असते, त्याला ती खरोखर कुठून फुटली आहे हे बघावंच लागतं.

आता पुन्हा रस्ता ओलांडून फिल्म सिटीत. 1977 मध्ये सुरू झालेल्या या चित्रनगरीला 2001 मध्ये ज्यांचं नाव दिलं त्या फाळक्यांनी आपली पहिली धडपड केली तीही एका अर्थानं रोजनिशीच होती. लंडनहून कॅमेरा आणल्यावर ‘राजा हरिश्चंद्र’ला पैसे द्यायला कोणी तयार होईना. 1912 मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर तो वाटाणा पाहता पाहता अंकुरला, वाढला, वेल झाला. ते पाहून पैसे मिळाले. त्यातलं एकेक चित्र वेगळं काढून पाहिलं तर त्यात काहीच नाही, फक्त कुंडी. रोज एकाच जागेवरून, न चुकता घेतलेलं असल्यामुळेच ते हललं. ज्यांना ‘आज लिहिण्यासारखं काही घडलंच नाही’ अशी तक्रार असते त्यांनी हा वाटाणा ध्यानात घ्यावा.

पण हे सगळं हातानंच का? फोनवर का नको? इथे उत्साही लोक विज्ञानाच्या नावानं जरा जास्तच बोलतात. 2014 मध्ये पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांचा एक अभ्यास गाजला. लॅपटॉपवर टिपणं घेणारे विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवत जातात, हातानं घेणाऱ्यांना तो वेग जमत नाही म्हणून ते निवडतात, आणि समज तपासणाऱ्या प्रश्नांत पुढे राहतात, असा त्याचा निष्कर्ष. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा हा फरक तितका ठळक निघाला नाही. जानेवारी 2024 मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉन्डहेमच्या संशोधकांचा लेख आला. 36 विद्यार्थ्यांच्या डोक्यावर विद्युत्‌संवेदक लावून त्यांनी दाखवलं की हातानं लिहिताना मेंदूच्या निरनिराळ्या भागांमधला ताळमेळ टाइप करण्यापेक्षा खूप जास्त असतो. बातम्यांचे मथळे लगेच धावले. बारीक तपशील असा की टाइप करणाऱ्यांना एकाच बोटानं टाइप करायचं होतं, आणि कुणाला किती लक्षात राहिलं हे त्या प्रयोगात तपासलंच नव्हतं. तेव्हा हातानं लिहिल्यानं बुद्धी वाढते वगैरे म्हणण्याचं कारण नाही.

मला पटतं ते कारण साधं आहे. हात संथ चालतो. समोर दहा गोष्टी घडत असतात आणि लिहून दोनच होतात. कोणत्या दोन, हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं. ही निवड म्हणजेच निम्मं लेखन. फोन सगळंच घेतो. शिवाय फोन उघडला की आत इतर माणसं असतात, वहीत ती नसतात. आणि वहीत बाजूला बाण काढता येतो, फुटकळ चित्र काढता येतं, खोडलेलं दिसत राहतं. खोडलेल्या शब्दातून आपण आधी काय समजलो होतो ते कळतं. सत्यजित राय यांनी पटकथा लिहिल्या त्या दुकानदारांच्या लाल कापडी बांधणीच्या हिशेबवहीत. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला दुकानांत पुजल्या जातात त्याच जातीची ती वही. एकाच पानावर संवाद, चौकटींची रेखाटनं, पोशाख, संगीताच्या खुणा. असं पान टाइप होत नाही.

लिहिण्याच्या या हातकामाचा विचार मराठीत फार जुना आहे. रामदासांच्या ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास ‘लेखनक्रियानिरूपण’ आहे, आणि तो चक्क अक्षर, शाई, बोरू, कागद यांबद्दल आहे. अक्षर गोल, सरळ आणि मोकळं काढावं, शेवटपर्यंत एकाच हाताचं वाटावं. पानाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी मजकूर झडणार नाही. आणि मला सगळ्यांत आवडणारी सूचना म्हणजे तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी वाचता येणार नाही, मध्यम लिहावं. रामदासांनी इथे गृहीत धरलं आहे की जो लिहितो आहे तोच पुढे कधीतरी वाचणार आहे. आजच्या उपदेशात नेमकं हेच गळून गेलं आहे. वही भरण्याचं कौतुक होतं, उलटण्याचं होत नाही.

उलटण्याला वेळ जावा लागतो. काल लिहिलेलं आज वाचलं तर त्यात आपला कालचा मूडच दिसतो. सहा महिन्यांनी वाचलं की मूड विरलेला असतो आणि वस्तू उरलेली असते. समजा, फिल्म सिटीत पौराणिक मालिकेच्या सेटवर एका नवशिक्या सहायकानं लिहिलं, ‘आज फार कंटाळा आला, या धंद्यात अर्थ नाही.’ सहा महिन्यांनी या वाक्याचं काही करता येत नाही. त्याऐवजी समजा असं लिहिलं: ‘दुपारी 1.40. जेवणाच्या रांगेत रावण. मुकुट काढून खुर्चीत ठेवला, खुर्ची कोणी घेऊ नये म्हणून वर आपली एक चप्पल. मग पायाला चटका बसतो म्हणून ताट घेऊन एका पायावर.’ यात कंटाळाही आला, धंदाही आला, आणि एक प्रवेश जवळजवळ तयार झाला.

शूटिंगच्या धंद्यात सर्वांत जास्त काही असेल तर ते थांबणं. लाइट लागेपर्यंत, ढग सरेपर्यंत, मोठा कलाकार येईपर्यंत. दिंडोशी, संतोषनगर, गोकुळधाम भागात या धंद्यावर जगणारी पुष्कळ माणसं राहतात: ज्युनिअर आर्टिस्ट, सहायक, मेकअपवाले, मालिकांचे संवाद लिहिणारे. थांबण्याचा वेळ हाच त्यांचा लिहिण्याचा वेळ होऊ शकतो. त्यासाठी पहाटे उठायला नको. खिशात मावेल अशी शिवलेली वही बरी. स्प्रिंगची नको, तिची पानं फाडायचा मोह होतो. वर तारीख, वेळ, जागा. उजव्या पानावर नोंद, डावं पान कोरं. महिन्या-दोन महिन्यांनी उलटताना जे सुचेल ते त्या डाव्या पानावर, तारखेसह. नोंदीची ओळ आणि नंतरची ओळ समोरासमोर आल्या की काम कुठे सुरू करायचं ते बहुधा दिसतं. विशेषणं कमी, आकडे आणि ऐकलेलं बोलणं जास्त. ऐकलेलं बोलणं तर लगेचच लिहावं. घरी पोचेपर्यंत आपण त्याचं व्याकरण सुधारून ठेवतो.

या पद्धतीचा एक बाजूचा फायदाही आहे, त्याची चर्चा सहसा होत नाही. एका खोलीत पाच माणसं राहतात तिथे मनातलं ओतलेली वही ठेवायची कुठे? कपाटाला कुलूप लावलं तर त्यावरून प्रश्न, नाही लावलं तर बहिणीनं वाचायची भीती. मग हात आपोआप खोटं लिहू लागतो. रावणाची चप्पल कोणीही वाचली तरी बिघडत नाही.

राहिला कागद टिकण्याचा प्रश्न, आणि मुंबईच्या हवेत तो खरा आहे. जून ते सप्टेंबर टेकडीच्या पायथ्याशी भिंतींना ओल येते, कपाटातल्या वह्यांना बुरशी धरते, कसर लागते. जेल पेनची शाई ओल्या बोटानंही पसरते. बॉलपेन किंवा पेन्सिल चांगली. जुने लोक पोथ्या कापडी बासनात घट्ट बांधून उंचावर ठेवत, अधूनमधून उन्हं दाखवत. तेच करावं. मोठ्या संस्थांवर विसंबून भागतं असंही नाही. ‘पथेर पांचाली’साठी राय यांनी काढलेल्या चित्रांची वही पॅरिसच्या सिनेमाथेकला भेट दिली होती, ती तिथे गहाळ झाली. उत्क्रांतीचा वृक्ष जिच्यात पहिल्यांदा रेखाटला ती डार्विनची 1837 ची वही केंब्रिजच्या ग्रंथालयातून वीसेक वर्षं बेपत्ता होती. 2022 मध्ये ती ग्रंथालयाच्या आवारात कोणीतरी गुलाबी भेटपिशवीत ठेवून गेलं.

फोनचा उपयोग इथे आहे. महिनाअखेरीला भरलेल्या पानांचे फोटो काढून ते तारखेच्या नावानं साठवावेत. वहीच्या पहिल्या पानावर नाव आणि काळ लिहावा, आणि आपल्यानंतर ती कोणाकडे द्यायची तेही. घर आवरताना वह्या रद्दीत जातात त्या बहुतेकदा दुष्टाव्यानं नव्हे. उघडून पाहणाऱ्याला त्या कसल्या आहेत ते कळत नाही म्हणून.